मधली कुठे गेली

एप्रिल अर्धा सरला की हॉलंडमधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या घरामागच्या कुरणावरून एक वास येऊ लागतो. तो गवताचा नसतो, मातीचाही नसतो. साचलेल्या पाण्याला पहिल्यांदा नीट ऊन लागलं की जो येतो तो; थोडा शेवाळाचा, थोडा गंजलेल्या लोखंडाचा. ऑफिसमधून परतताना कुरणाच्या वळणावर मी सायकलवरून उतरते आणि काठाशी जाऊन उभी राहते. पाणी फार नाही, मोठ्या अंगणाएवढं असेल. एका बाजूला वाळुंजासारखी वाकलेली झाडं, दुसऱ्या बाजूला गाईंनी तुडवलेला उतार. तळाशी काहीतरी काळसर हलतं, वर येतं, हवेचा एक घोट घेतं आणि पुन्हा खाली जातं. पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. ते काठाला लागेपर्यंत मी हलत नाही.

डच भाषेत अशा डबक्याला 'पूल' म्हणतात. माझे बाबा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांना याची फार गंमत वाटली होती. आमची ईशा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं डचमध्ये देते, फार तर इंग्रजीत. ती आजोबांचा हात ओढत 'पूल, पूल' म्हणायची आणि बाबा इकडेतिकडे बघत विचारायचे, "अगं, पण नदी कुठाय?"

ते वर्ष २०२०. बाबा फेब्रुवारीत दीड महिन्यासाठी आले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि "एकदा येऊन जा" असं म्हणून म्हणून मी थकले होते. ते आले ते एक स्वेटर, दोन डबे मेतकूट आणि परतीचं तिकीट घेऊन. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली राहिलं. हॉलंडमध्ये तो आजार पहिल्यांदा पसरला तो आमच्याच ब्राबांट प्रांतात. दिवसातून चार-पाचदा लांबून अँब्युलन्सचा आवाज यायचा आणि आम्ही तिघं मोठी माणसं बोलता बोलता थांबायचो. सुयोग, माझा नवरा, माडीवरच्या खोलीतून काम करायचा. मी जेवणाच्या टेबलावरून. ईशाची शाळा बंद. बाबा खिडकीत.

आणि बाहेर इतकं सुंदर ऊन. त्या वसंतासारखा वसंत मी इथे नंतर पाहिला नाही. आठवडेच्या आठवडे ढग नाही. विमानतळ जवळ असून आकाशात एकही पांढरी रेघ नाही. रस्ते ओले नाहीत, गजबजलेले नाहीत, फक्त उजळलेले. जगात काय चाललंय ते ठाऊक असताना त्या उन्हात उभं राहिलं की अपराधी वाटायचं, आणि तरी घरात जाववत नसे.

बाबांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. घरात मात्र ते फारसं बोलत नसत. त्यांच्याविषयी मला जे माहीत होतं ते बहुतेक आईने सांगितलेलं. आई गेल्यावर फोनवर आमचं बोलणं तीन वाक्यांत संपायचं: जेवलात का, औषध घेतलंत का, बरं ठेवते. आता तेच बाबा माझ्या घरात होते, चोवीस तास, आणि आम्हाला चौथं वाक्य सुचत नव्हतं.

ते सुचवलं टॉनने.

टॉन आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात राहतो. तेव्हा सत्तरीचा होता. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला, उंच, थोडा वाकलेला. त्या डबक्याची देखभाल तो हौसेने करायचा. दर वसंतात पाण्यातले जीव मोजून कुठल्याशा संस्थेला कळवायचा. मार्चअखेर एका सकाळी बाबा आणि ईशा काठाशी उभे असताना तो जाळी घेऊन आला. दीड मीटर अंतर राखायचं होतं, म्हणून जाळीची लांब काठी त्याने आडवी धरली आणि तिच्या पलीकडून "सुप्रभात" म्हणाला. मी टेबलावरच्या मीटिंगमधून खिडकीतून हे बघत होते. त्याने जाळी फिरवली, एका पांढऱ्या तसराळ्यात पाणी घालून त्यात काहीतरी सोडलं, तसराळं गवतावर ठेवलं आणि चार पावलं मागे झाला. बाबा पुढे गेले. वाकले. नंतर गुडघ्यांवर बसले. मग मात्र ते इतका वेळ उठले नाहीत की मी मीटिंग सोडून धावत गेले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "सॅलॅमँडर आहे."

पाण्यात बोटाएवढा एक प्राणी होता. पाठ निळसर, पोट पिकलेल्या संत्र्यासारखं, शेपटी चपटी, चार इवले पाय. सरड्यासारखा दिसणारा, पण असलेला बेडकांच्या कुळातला.

"चौतीस वर्षं शिकवला मी हा," बाबा म्हणाले. "जिवंत आज पाहतोय."

आपल्याकडे हे जवळजवळ नाहीतच. दार्जिलिंगच्या बाजूला एखादी जात, संपलं. बाबांच्या प्रयोगशाळेत फॉर्मेलिनच्या बरणीत एक होता, उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा. "पुस्तकात रंग लिहिलेले असायचे," ते नंतर म्हणाले, "मी मुलांना सांगायचोही. पण आतून मला वाटायचं, ते पांढरेच असतात. रोज बरणी बघून बघून बरणीवरच विश्वास बसतो माणसाचा."

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला दोघं निघायची. ईशाच्या पायात लाल गमबूट, बाबांच्या अंगात सुयोगचा जाड कोट, बाह्या दोन घड्या घालून वर केलेल्या. तिची चौकटीची जुनी गणिताची वही त्यांनी नोंदींसाठी घेतली. ती डचमध्ये बोलायची, ते मराठीत. मधे कुणी दुभाषी नव्हतं, तरी दुपारी घरी येताना दोघांना सारखंच माहीत असायचं. टॉन इंग्रजीत भर घालायचा, काठीच्या पलीकडून.

तिथे तीन जाती होत्या. एक छोटी, तपकिरी, ठिपक्यांची. एक ती निळ्या पाठीची. आणि तिसरी मोठी, काळी, नराच्या पाठीवर करवतीसारखा तुरा असलेली. मादी एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानावर ठेवायची आणि मागच्या पायांनी पान दुमडून ते झाकायची. पानाची घडी घालायला तिला बराच वेळ लागे. ईशा काठावर पालथी पडून ते बघायची. बाबा घड्याळ बघून वहीत लिहायचे. खिडकीतून मला दोन पाठी दिसायच्या, एक लहान, एक मोठी, आणि त्यांच्या पुढे चकाकणारं पाणी. कानात हेडफोनवरून कुणीतरी रिलीजची तारीख सांगत असायचं. आता विचार केला तर त्या मीटिंगमधलं एक अक्षर आठवत नाही.

मे महिन्यात अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. काचेच्या तुकड्यांसारखी पारदर्शक, मानेजवळ पिसांसारखे कल्ले. एका रविवारी मीही गेले. बाबांनी मला पाण्याकडे बघायला लावलं, जसं लहानपणी कधी लावलं नव्हतं.

"काय दिसतं?"

"पिल्लं."

"कुठे?"

मग दिसलं. मोठ्या काळ्या जातीची पिल्लं मोकळ्या पाण्यात, वरच्या थरात तरंगत होती, अंगानेही थोराड. छोट्या जातींची तळाशी, गवताच्या मुळांत. मधल्या पाण्यात फारसं कुणी नव्हतं.

"सगळ्यांना खायला तेच हवं असतं," बाबा म्हणाले. "पाण्यातले बारीक किडे. दोन जाती एका डबक्यात, एकाच घासावर आल्या की चढाओढ लागते. मग हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या, एक वर सरकते, एक खाली. एकीचा जबडा मोठा होतो, एकीचा लहान. एकेकट्या राहतात तिथे त्या एकमेकींसारख्याच असतात. एकत्र आल्या की वेगळ्या होतात. आता या तिन्ही अशाच वेगळ्या झाल्या असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. त्यांचं वेगळेपण फार जुनं आहे, कारणं अनेक असतील. पण अमेरिकेत वाळवंटातले काही बेडूक आहेत. पावसाच्या डबक्यात त्यांची पिल्लं वाढतात. एकाच आईची काही पिल्लं मोठ्या जबड्याची निघतात, दुसऱ्या जिवांना खातात. काही लहान तोंडाची, गाळ खरवडून जगतात. जिथे अशा दोन जाती एका डबक्यात येतात, तिथे एकीची बहुतेक मांसाहारी निघतात आणि दुसरीची बहुतेक गाळ खाणारी. चढाओढीने त्यांना दोन बाजूंना ढकललेलं असतं."

ईशा ऐकत होती. तिने डचमध्ये काहीतरी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती विचारतेय, कोण वर जाणार आणि कोण खाली, हे ठरवलं कुणी?"

"कुणी नाही," बाबा तिला म्हणाले. "निसर्गात कुणी आपणहून बाजूला होत नाही, बाळा. थोडी वर राहणारी असतात, थोडी खाली राहणारी असतात, आणि पुष्कळशी मधे असतात. मधल्यांना दोन्हीकडून मार. त्यांना खायला कमी मिळतं, त्यांची पिल्लं कमी जगतात. असं होत होत मधली संपतात. उरतात ती वरची आणि खालची. आणि आपण बघणारे म्हणतो, वा, किती छान वाटून घेतलंय."

ईशाने थोडा विचार केला. मग या वेळी चक्क मराठीत, तुटक, म्हणाली, "मधली वाईट होती?"

बाबांनी वही मिटली.

"नाही गं. ती तिथे होती, एवढंच."

त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. संध्याकाळी, म्हणजे इथल्या मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो त्या लांबलेल्या संध्याकाळी, मी मागच्या अंगणात चहा घेऊन गेले. ते खुर्ची कुरणाकडे वळवून बसले होते. विचारलं नसताना म्हणाले, "मिनू, वसंता आठवतो तुला?"

वसंतकाका मला पुसट आठवत होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका लग्नात पाहिलेले. बुटके, हसरे, हातांना माती लागल्यासारखी कायमची काळी बोटं. मेढ्याजवळ त्यांची रोपवाटिका होती. साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, आणि तरी आमच्या घरी ते कधी आले नाहीत, आम्हीही गेलो नाही.

कोल्हापुरात एम.एस्सी.ला दोघं एका खोलीत राहायचे, बाबा सांगू लागले. दोघांना एकच वेड, बेडकांचं. पावसाळ्यात मेढ्याच्या वरच्या पठारावर जायचे, चिखलात, कंदील घेऊन. तिथे झुडपांत राहणाऱ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या बेडकांच्या दोन जाती होत्या. एकेकटी जात राहते अशा टेकड्यांवर दोघींचे आवाज जवळजवळ सारखे लागायचे. या पठारावर मात्र दोन्ही एकत्र होत्या, आणि तिथे एकीचा आवाज खालच्या पट्टीतला, ठोका दिल्यासारखा. दुसरीचा बारीक, वर चढलेला. "मादी चुकून भलत्या नराकडे गेली तर अंडी वाया जातात," बाबा म्हणाले. "म्हणून आवाज दोन बाजूंना गेले असावेत, असं आम्हाला वाटलं. मोजायला यंत्र नव्हतं. कान होते दोघांचे. वसंताचे माझ्यापेक्षा चांगले."

मग दोघं पास झाले आणि साताऱ्याच्या एका कॉलेजात एक जागा निघाली. एकच. दोघांनी अर्ज केला. दोघांचे गुण सारखे, विषय तोच, शिफारसपत्र देणारे सरही तेच. मुलाखतीला दोघांनाच बोलावणं होतं.

"तो आलाच नाही," बाबा म्हणाले. "मी व्हरांड्यात वाट बघत बसलो. शिपायाने त्याचं नाव तीनदा पुकारलं. मग मला आत बोलावलं. जागा मला मिळाली."

"का नाही आले?"

"विचारलं नाही मी."

"कधीच?"

"काय विचारणार? त्याने माझ्यासाठी सोडली असेल तर आभार कुठल्या तोंडाने मानू? आणि काही अडचण आली असेल तर मी त्याच्या अडचणीवर जगलो. दोन्हीकडून देणेकरी मीच. आधी वाटलं तो येईल, बोलेल. तो आला नाही. मग मी नाही गेलो. पंचेचाळीस वर्षं झाली. आज पोरीने विचारलं, मधली वाईट होती का."

मला त्या क्षणी त्यांच्या शेजारी बसून काहीतरी शहाण्यासारखं बोलायचं होतं. मी म्हटलं, "चहा गार होतोय." ते हसले, आणि चहा प्यायले. मी मोठी झाल्यापासून बाबांनी मला स्वतःहून सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. मी ती आत नेऊन ठेवावी तशी घेऊन उठले, आणि कितीतरी दिवस सुयोगलाही सांगितली नाही.

वसंतकाकांना फोन करा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. ते टाळत राहिले. आता काय उपयोग, तो ओळखणार नाही, साताऱ्यात आजार वाढलाय, उगाच त्रास. इकडे डबकं आटत चाललं होतं. पाऊस नव्हताच. मेअखेरीस पाण्याभोवती भेगाळलेल्या चिखलाची रुंद कड पडली. पाणी निम्म्यावर आलं, मग आणखी कमी झालं. वरचं पाणी आणि खालचं पाणी असा फरक राहिला नाही. मोठी पिल्लं छोट्यांच्यात आली आणि त्यांना धरू लागली. ईशाने एकदा ते पाहिलं आणि रडत घरी आली. तिला नळाचा पाइप ओढून न्यायचा होता.

टॉनने तिला समजावलं. हे डबकं काही वर्षी असं आटतं, तो म्हणाला. आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून सॅलॅमँडर आहेत. आपण हात घालायचा नाही. बाबांनी मान हलवली. शास्त्राच्या दृष्टीने टॉनचं बरोबर होतं. ईशा दोघांशीही बोलेनाशी झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी बाबांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एक नंबर होता. कॉलेजच्या जुन्या शिपायाकडून मिळवलेला. "लावून दे," म्हणाले. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मी सिंकपाशी भांडी विसळत सगळं ऐकलं.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"शरद बोलतोय. शरद साताऱ्याचा."

थोडा वेळ नुसता कावळ्यांचा आवाज. "शऱ्या? कुठनं बोलतोयस?"

"हॉलंडहून. मुलीकडे आलो होतो. अडकलो."

"चांगल्या ठिकाणी अडकलास की."

बाबा उभे होते. बसा म्हणून मी खूण केली, ते बसले नाहीत. "वसंता, एक विचारायचं होतं. तू मुलाखतीला का आला नाहीस?"

"कुठल्या मुलाखतीला?"

पंचेचाळीस वर्षं जी गोष्ट त्यांनी छातीशी धरली होती ती दुसऱ्याच्या आठवणीतच नव्हती. त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं, व्हरांडा सांगितला, शिपाई सांगितला.

"ती होय," वसंतकाका म्हणाले. "अरे, आलो होतो की मी. फाटकापर्यंत आलो. तू व्हरांड्यात बसलेला, मांडीवर कागद, पाय हलवत होतास. इतका भ्यालेला तुला मी पठारावर साप निघाला तेव्हाबी बघितला नव्हता. म्हटलं, ह्याला पायजे ही नोकरी. मला काय तेवढी नको होती. पोरांपुढं उभं राहून बोलायचं माझ्या जिवावर यायचं. मग फिरलो माघारी. स्टँडवर भजी खाल्ली न मेढ्याची गाडी धरली."

"मग सांगायचंस."

"काय सांगायचं त्यात? येशील तेव्हा बोलू म्हटलं. तू येईनासच झालास. मला वाटलं, प्रोफेसर झाला, आता कशाला येतोय चिखलात."

"मला वाटलं तू रागावलास."

मग वसंतकाका म्हणाले, "आता काय करायचं म्हणतोस?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "मी परत आलो की येतो."

"ये. जेवायलाच ये."

फोन ठेवल्यावर बाबांनी नंबराचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मी नळ बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद असेल असं मला वाटलं होतं, तो नव्हता. काहीतरी हरवल्याची जाणीव होती. ज्याच्यासाठी इतकी वर्षं लाजत राहायचं ते मुळात इतकं साधं निघालं, भजी खाऊन संपलेलं, आणि त्यापायी एवढा जवळचा मित्र हातचा गेला. "वसंताने खरंच सांगितलं का माझ्या समाधानासाठी, कोण जाणे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "फाटकातून आत बघून माघारी फिरणं. बेडकाला हे नाही जमत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेहमीच्या वेळी गेली, पण खिडकीतून मला पाठी दिसेनात. बाहेर जाऊन पाहिलं तर बाबा, वय वर्षं सत्तर, टॉनच्या अंगणातल्या पावसाच्या पिंपाशी झारी भरत होते. मागे ईशा खेळण्यातली बादली घेऊन. दोघं कुरण ओलांडून जायची, डबक्यात पाणी ओतायची, परत यायची. त्या विस्तीर्ण भेगाळलेल्या चिखलात ते पाणी पडल्याचा आवाजही होत नव्हता. टॉन दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल. तो आत गेला, मागच्या बाजूचं दुसरं पिंप ढकलत आणलं, त्याचं झाकण काढलं आणि कॉफी प्यायला बसला.

चार दिवस त्यांनी पाणी वाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि असा पाऊस पडला की अंगणातल्या खुर्च्या उलथल्या. डबकं भरलं ते पावसाने. झारीने काही वाचलं असेल असं बाबांना वाटत नव्हतं, आणि ईशाला मात्र अजूनही तसंच वाटतं. त्या दिवसांची वहीतली नोंद मी नंतर वाचली. बाबांच्या सरळ, उभ्या अक्षरात एकच ओळ आहे: 'निरीक्षकाने ढवळाढवळ केली. कारण: नातीला वाईट वाटत होतं.'

जुलैत सरकारने सोडलेल्या एका विमानाने बाबा परत गेले. विमानतळावर तोंडावर मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. मिठी मारायची की नाही ते आम्हाला कळेना. शेवटी त्यांनीच मारली. तोवर डबक्यातल्या पिल्लांचे कल्ले झडायला लागले होते. एकेक जण पाण्याच्या कडेने वर येऊन, हवेत श्वास घेऊन, गवतात शिरत होतं. त्यांतली किती पुढच्या वसंतात परतली ते कुणाला माहीत. टॉन जाती मोजतो, एकेकाला नाव देत नाही.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाबा आणि वसंतकाका रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत वसंतकाका बारा दिवस दवाखान्यात होते. त्या बारा दिवसांत बाबांनी मला दिवसातून तीनदा फोन केला, आणि बोलायला काही नसलं तरी ठेवला नाही. काका बरे होऊन घरी आले.

मी आणि ईशा साताऱ्याला जाऊ शकलो ते २०२२च्या जुलैत. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी वसंतकाका जीप घेऊन हजर. चौघं मेढ्याच्या वरच्या पठारावर गेलो. सहा वाजले होते, पण धुक्यामुळे दिवस आणि तिन्हीसांजा यांत फरक राहिला नव्हता. काळ्या कातळावर इंचभर पाणी वाहत होतं. कारवीच्या झुडपांपाशी काकांनी प्लास्टिकचा कागद पसरला, आणि दोन म्हातारे मांडीला मांडी लावून बसले. ईशा त्यांच्या पायांशी.

आधी खालच्या पट्टीतला आवाज आला. टक्. मग जरा थांबून टक्, टक्, जसं कुणी लाकडी पेटीवर बोटाचं पेर मारतंय. "हा एक," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो कंदील घेतलेला मुलगा दिसला. मग दुसरा सुरू झाला. बारीक, धारदार, चहूबाजूंनी. एका झुडपातून, मग शेजारच्या, मग आमच्या पाठीमागून. ईशाने कान झाकून घेतले, इतका.

बाबा वाट बघत होते. मान थोडी तिरकी करून. बराच वेळ गेला.

"दुसरा आज बोलत नाहीये का रे?" त्यांनी विचारलं.

ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात वसंतकाका म्हणाले, "बोलतोय की. मगाधरनं."

बाबांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "मला नाही येत ऐकू."

"वयानं वरचे आवाज आधी जातात," काका म्हणाले. "माझे अजून आहेत."

"मला कळलंच नाही, कधी गेला तो."

वसंतकाकांनी आपला मातकट हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि एका बोटाने ठोके द्यायला लागले. झुडपातला बेडूक ओरडला की एक. पुन्हा ओरडला की एक. बाबांनी डोळे मिटले. धुकं आमच्यावरून सरकत होतं, दोघांच्या पांढऱ्या केसांवर बारीक थेंब जमत होते. काकांचं बोट हलत होतं, हलत होतं, आणि मग थांबलं.

"का थांबलास?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"तो थांबला."

"बरं," बाबा म्हणाले. "मग थांबू."

आणि आम्ही चौघं तसेच बसून राहिलो, तो पुन्हा सुरू होईपर्यंत.